पटानचेरूच्या वह्यांतला मोहोळचा पाऊस

हैदराबादेतून गाडीने सोलापूर-पुण्याकडे निघालं की शहर संपता संपता पटानचेरू लागतं. तिथे हायवेला लागूनच इक्रिसॅटचं मोठं आवार आहे. कोरडवाहू प्रदेशातल्या पिकांवर संशोधन करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. आपल्यातले बहुतेक जण तिच्यावरून शेकडो वेळा गेले असतील. आत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांवर काम चालतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मला आज सांगायचंय ते तिथे साठलेल्या दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल, कारण तिचा आपल्या गावाकडच्या माणसांशी थेट संबंध आहे.

१९७५ मध्ये इक्रिसॅटने सहा गावं निवडली. त्यातली औरेपल्ली आणि डोकूर ही दोन महबूबनगरची. उरलेली चारही मराठी: अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण. प्रत्येक गावात ४० कुटुंबं ठरवली. १० शेतमजुरांची, १० लहान, १० मध्यम आणि १० मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचा एक माणूस गावातच राहायला गेला आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्या घरांत जाऊन विचारायला लागला: काय पेरलं, किती बियाणं लागलं, किती मजुरी दिली, काय विकलं, काय खाल्लं, कोणाकडून उसने घेतले. हे दहा वर्षं चाललं. मग खंड पडला आणि २००१ पासून पुन्हा सुरू झालं. छोटा शेतकरी निर्णय कसे घेतो यावर जगभरात जे लिहिलं गेलं, त्यातला मोठा भाग या सहा गावांच्या वह्यांतून आला आहे.

माझं आजोळ शिरापूरच्याच मोहोळ तालुक्यातलं, गाव मात्र दुसरं. मामांची चार एकर काळी जमीन, त्यातली एक एकर विहिरीखाली आणि तीन कोरडवाहू. मी बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिते, शेती करत नाही. पण दर जूनला मामांचा फोन येतो, ‘तुझ्या फोनात काय दाखवतंय गं?’ त्या फोनमुळेच मी या वह्यांवर आधारलेले लेख शोधून वाचायला लागले.

त्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग हान्स बिनस्वँगर या इक्रिसॅटमधल्या अर्थशास्त्रज्ञाचा. तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने या गावांतल्या लोकांशी नाणेफेकीचा खेळ खेळला आणि पैसे खरे दिले. पर्याय साधारण असे: छापा पडो की काटा, ५० रुपये नक्की घ्या. किंवा छाप्याला ३० आणि काट्याला १५० घ्या. किंवा छाप्याला काहीच नाही, काट्याला थेट २००. सुरुवात पैशांपासून करून रक्कम वाढवत नेली. वरच्या पातळीवरचं बक्षीस त्या काळच्या मजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त होतं. रक्कम मोठी झाल्यावर जवळजवळ सगळ्यांनी मधलेच पर्याय निवडले. थोडा धोका पत्करला, फार नाही. आणि श्रीमंत-गरीब असा म्हणण्याजोगा फरक दिसला नाही.

हा निष्कर्ष साधा वाटतो, पण त्यात बरंच काही आहे. गरीब शेतकरी स्वभावानेच भित्रा असतो, म्हणून नवं काही करत नाही, असं शहरात सर्रास बोललं जातं. नाणं हातात दिल्यावर तर गावचा मोठा बागायतदार आणि दोन एकरवाला सारखेच वागले. शेतात मात्र ते सारखं वागत नाहीत. ते का, हे बिनस्वँगर आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी याच गावांच्या आकड्यांवरून १९९३ मध्ये दाखवलं. जिथे पाऊस सुरू होण्याची वेळ जास्त बेभरवशाची, तिथे छोटे शेतकरी कमी नफ्याचं पण कमी धोक्याचं पीक, जनावरं, साधनं निवडतात. ही अनिश्चितता एका ठरावीक मापाने वाढली, तर मधल्या कुटुंबाचा नफा १५ टक्क्यांनी घटतो, सगळ्यात गरीब पाव हिश्श्याचा ३५ टक्क्यांनी. वरच्या श्रीमंत हिश्श्यावर जवळपास काही परिणाम नाही. म्हणजे पाऊस प्रत्यक्ष बुडवायच्या आधीच, तो बुडवेल या शक्यतेचीच किंमत छोटा शेतकरी दरवर्षी मोजत असतो. ही किंमत कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

आमच्याकडे नवीन कोड चढवला आणि काही बिघडलं, तर पाच मिनिटांत जुना परत आणता येतो. मामांनी बी एकदा मातीत टाकलं की ते परत पोत्यात येत नाही. खरिपात दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा मजुरी, आणि हंगामातले तीन आठवडे कायमचे गेलेले.

आता मोहोळकडच्या काळ्या रानाबद्दल. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो. त्यात जून-जुलै लहरी, भरवशाचा महिना सप्टेंबर. म्हणून जुनी रीत अशी: पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं, कुळवून तण मारत राहायचं, पडलेलं पाणी जमिनीत मुरवायचं आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला शाळू पेरायचा. पुढे तो थंडीत, एकही पाऊस न पडता, जमिनीतल्या ओलीवर वाढतो. जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपून त्या बुजवायच्या, म्हणजे ओल उडत नाही. या पद्धतीत तिथलं मालदांडी वाण पक्कं बसतं. हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलं गेलं आणि आजही रब्बी ज्वारी म्हटलं की तेच नाव निघतं.

भर पावसाळ्यात काळी कसदार जमीन मोकळी पडलेली पाहून बाहेरच्या माणसाला वाटतं की एक पीक फुकट चाललंय. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनीही काळ्या जमिनीत खरीप आणि रब्बी दोन्ही घेता यावीत म्हणून रुंद वरंबे आणि सऱ्यांची पद्धत विकसित केली. ती चालते जिथे पाऊस जास्त आणि खात्रीचा आहे तिथे. सोलापूरसारख्या ठिकाणी जूनमध्ये पेरलेलं जुलैच्या उघडिपीत वाळतं, आणि वाळता वाळता रब्बीसाठीची ओलही पिऊन जातं. लागून पाऊस आला तर चिकट रानात पाय घालता येत नाही, खुरपणी राहून जाते. मोकळं रान म्हणजे मामांच्या भाषेत ‘जमिनीत टाकलेली ठेव’. एका पिकाची खात्री मिळवण्यासाठी दुसऱ्याचा मोह सोडायचा, असा तो हिशेब आहे.

मामा आता तीनपैकी एका एकरात जूनमध्ये उडीद करतात. सत्तर-पंचाहत्तर दिवसांत तो निघतो आणि मागे शाळूला वेळ उरतो. उरलेली दोन एकर मोकळी. उडीद बुडाला तरी घराला झळ बसणार नाही, एवढंच रान ते पणाला लावतात.

झळ बसणार नाही हे ठरवतं कोण? मामी. शेतात काय पेरायचं यावर घरात चर्चा होते, पण किती धान्य घरात ठेवायचं यावर होत नाही. पाच माणसांच्या घराला वर्षाला सहा क्विंटल ज्वारी लागते, पाहुणेरावळे धरून. चांगल्या वर्षी तीन एकरात त्याच्या दुप्पट निघते, वाईट वर्षी निम्मीही निघत नाही. मामींचा नियम एकच: नवी रास घरात आल्याशिवाय जुनी ज्वारी विकायची नाही. फेब्रुवारीत भाव कितीही चढो. व्यापारी दारात येऊन परत जातो. जुन्या ज्वारीला भाव कमी मिळतो, थोडं किडतंही, कडुलिंबाचा पाला घातला तरी. तो तोटा मामी डोळे उघडे ठेवून सोसतात.

कडब्याचंही तसंच. ज्वारीच्या दाण्याला भाव नाही म्हणून पीक बदला, असा सल्ला देणाऱ्याने कडब्याचा शेकडा काय भावाने जातो ते विचारावं. दुष्काळी उन्हाळ्यात जनावर दावणीला राहणार की बाजारात जाणार, ते कडब्यावर ठरतं. याचाही हिशेब त्या वह्यांत सापडतो. रोझेन्झ्वाइग आणि वोल्पिन या अभ्यासकांनी दाखवलं की या गावांत वाईट वर्षी लोक बैल विकून घर चालवत आणि बरे दिवस आले की पुन्हा घेत. पुढच्या हंगामात बैल नसल्याने नुकसान होणार हे माहीत असूनही. बैल म्हणजे औत ओढणारी बचत होती. विहिरीवरचा पंप जास्त उपयोगाचा असला तरी अडचणीत तो कोण घेणार?

आणि एक गोष्ट वाचून मी आईला लगेच फोन केला. रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये या गावांतल्या लग्नांचा अभ्यास छापला. ज्या घरांचं उत्पन्न पावसामुळे जास्त खाली-वर व्हायचं, त्या घरांत नाती लांबच्या गावांशी जुळलेली दिसली. कारण जवळच्या गावात दुष्काळ पडला तर तो दोघांकडेही पडतो. लांबच्या सोयऱ्याकडे त्या वर्षी पाऊस झालेला असू शकतो. आई हसली आणि म्हणाली, ‘अगं, बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या पणजीच्या माहेरून लातूरहून ज्वारी आली होती, ती बघायला का कुणी संशोधक पाहिजे?’ आपल्यापैकी कितीतरी घरांत एक मुलगी निजामाच्या मुलुखात आणि एक देशावर दिलेली असते, तिचं हेही एक कारण असू शकतं. अर्थात कुठल्याही बैठकीत हे कुणी बोलून दाखवलेलं नसणार.

याच हायवेवर वाटेत झहीराबाद लागतं. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायकांचं काम आपल्या मंडळींनी एकदा तरी जाऊन पाहावं असं आहे. बहुतेक दलित, एक-दोन एकरवाल्या. एकाच रानात ज्वारी, तूर, राळं, कुळीथ अशी अनेक पिकं मिसळून घेतात आणि बी घरीच राखतात. नव्वदच्या दशकात त्यांनी गावच्या ज्वारीवर चालणारी स्वतःची धान्यवाटप व्यवस्था उभी केली, २००८ मध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं, आणि २०१९ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. तिथे एका पिकाचं उत्पादन विचारलं तर आकडा लहानच येतो. पण इतक्या पिकांपैकी काहीच हाती लागलं नाही, असं वर्ष सहसा येत नाही. मामींची कोठी आणि या बायकांचं रान, दोन्हींची रचना एकाच प्रश्नाभोवती आहे: वाईट वर्षी ताटात काय असेल?

आता हवामानाच्या अंदाजाकडे येते, कारण माझ्या व्यवसायातल्या लोकांना तिथेच सगळी उत्तरं दिसतात. अंदाज उपयोगी पडतो का? पडतो, आणि याचा पुरावा आपल्याच तेलंगणातला आहे. २०२२ च्या खरिपात संशोधकांनी २५० गावांत एक प्रयोग केला. काही गावांना पाऊस कधी सुरू होईल याचा अंदाज महिनाभर आधी दिला. आधी शेतकऱ्यांना त्यांचा स्वतःचा अंदाज विचारून ठेवला होता, तोही कार्त्यांत, म्हणजे आपल्या नक्षत्रांत. आपण मृग-आर्द्रा म्हणतो तिथे ते मृगशिरा कार्ते, आरुद्र कार्ते म्हणतात. ज्यांना वाटत होतं त्यापेक्षा वाईट बातमी मिळाली, त्यांनी लागवडीखालची जमीन सुमारे २२ टक्क्यांनी कमी केली. ज्यांना चांगली बातमी मिळाली, त्यांनी बियाण्या-खतांवरचा खर्च वाढवला. म्हणजे अंदाज वेळेवर आणि विश्वासाचा असेल, तर लोक तो ऐकतात आणि त्यावर पैसे लावतात. २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या मॉडेलांचा आधार घेऊन पावसाच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठवला. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजीच केरळात पोहोचला आणि मग मध्येच बराच काळ अडकला. ती उघडीपही अंदाजात आली होती.

मेमध्ये मोहोळकडेही जोरदार पाऊस झाला होता आणि गावात काहींनी पेरणीची तयारी केली. कृषी खातं घाई करू नका म्हणत होतं. मामांनी नेहमीप्रमाणे फोन केला. मी मॉडेलचा अंदाज वाचून दाखवला. त्यावर ते म्हणाले, ‘पाऊस कवा येणार ते आता कुणीबी सांगतंय. आल्यावर किती दिस दडी मारणार ते सांग.’ त्यांच्या दृष्टीने पेरणीनंतरच्या वीस दिवसांत किती उघडीप आहे, हाच खरा प्रश्न. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोल भिजल्याशिवाय पेरू नका हा खात्याचा सल्लाही त्यासाठीच आहे. मामा मिलिमीटर मोजत नाहीत, रानात कुदळ मारून ओल कुठवर गेली ते बघतात. उडीद त्यांनी जूनच्या मध्यावर पेरला.

अंदाजाचा उपयोग किती, हे मात्र माणसाकडे बदलण्यासारखं काय उरलं आहे यावर अवलंबून राहतं. बियाण्यासाठी दुकानदाराकडून उधार घेतलेल्याला दुकानदार देईल तेच वाण पेरावं लागतं. बटईने रान घेतलेल्याला ते मोकळं ठेवता येत नाही, मालकाला वाटा द्यायचा असतो. उलट, रेशनसारखी साधी गोष्ट शेतातला निर्णय बदलू शकते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य ठरलं आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं. मामी रेशनच्या तांदळाला नावं ठेवतात, पण उडदाच्या त्या एका एकराचं धाडस रेशन नियमित मिळायला लागल्यावरच झालं. विम्याचंही काम हेच असायला हवं. महाराष्ट्रात २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. ज्या सोयीवर पुढच्या वर्षी विसंबता येत नाही, तिच्या जिवावर कुणी रान पणाला लावत नाही, एवढं तर आम्ही सॉफ्टवेअरवालेही जाणतो.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर आला. सोलापूरचा हा भरवशाचा महिना. उष्ण हवा जास्त बाष्प धरते, तापमानाच्या एका अंशाला सुमारे ७ टक्के, आणि धरलेलं एकदम सोडते, हे आपण शाळेत नाही तरी बातम्यांत शिकलोय. महिनाअखेरीस सीनेला असा पूर आला की माढा-मोहोळ भागातली गावं पाण्यात गेली आणि हायवेही बंद पडला. उभी सोयाबीन शेतात कुजली, ऊस आडवा झाला. मामांचा उडीद तोवर घरात आला होता आणि बाकीचं रान मोकळं होतं, त्यामुळे उभं पीक जायला नव्हतंच. ओढ्याकडची माती मात्र खरवडून गेली आणि वर गाळ बसला.

खरी पंचाईत पुढे झाली. शाळू पेरायचा तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबर अर्धा उलटला तरी काळ्या रानाला वापसा येईना. ज्या ओलीची वर्षभर वाट बघायची, तीच जास्त झाली होती. उशिरा पेरलेला शाळू दाणे भरायच्या वेळेला उन्हात सापडतो आणि ओल कमी पडते. हरभरा करावा तर गाळाच्या ओल्या रानात मर लागण्याची भीती. गहू करावा तर तो विहिरीखालच्या एकरातच होणार, आणि तिथे जनावरांसाठी मका हवा होता. मी फोनवर सगळे पर्याय लिहून घेतले, पंधरा दिवसांचा अंदाज सांगितला, बाजारभाव सांगितले. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुझ्या मामीला विचारतो, कोठीत किती हाय.’

कोठीत चार-पाच महिन्यांची ज्वारी होती. तेवढ्यावर निर्णय झाला. वरच्या, लवकर वाळलेल्या दीड एकरात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घरचीच मालदांडी पेरली. दाणा कमी आला तरी कडबा मिळेल, आणि बियाण्याला पैसे पडत नाहीत. ओढ्याकडच्या एका एकरात आणखी दहा दिवस थांबून हरभरा टाकला, बियाण्याला बीजप्रक्रिया करून. उरलेला गाळाचा अर्धा एकर तसाच सोडला. तिथे यंदा काही करायचं नाही, असं दोघांचं एकमत झालं. त्या अर्ध्या एकरासाठी मी ज्वारीची उशिरा येणारी दोन-तीन वाणं शोधून ठेवली होती. ती यादी मामांनी पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतली आहे.

हे लिहिताना शाळू पोटरीत आहे. हरभऱ्याची थोडी झाडं मेली, बाकीची बरी आहेत. परवा व्यापारी येऊन गेला. जुन्या ज्वारीला यंदा भाव चांगला आहे म्हणत होता. मामींनी त्याला चहा दिला आणि मार्चमध्ये या म्हणून सांगितलं.